मागून येतोय

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेळ्यांचा पाला घेऊन अंगणात आले, तर पाहुणा ओट्यावर बसून चपलेचा बंद शिवत होता. मला इतकं हायसं वाटलं की विचारू नका. बंद शिवतोय म्हणजे निघतोय! मी पाला तिथेच टाकला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“झाला का शिवून?”

“झाला,” तो म्हणाला. त्याने बंद ओढून पाहिला, चप्पल भिंतीशी ठेवली, शेजारी दुसरी ठेवली, दोन्ही एका रेषेत आल्या की नाही ते वाकून बघितलं आणि हात झटकत म्हणाला, “आज काय मदत करू, अम्मिया?”

मी तशीच घरात धावले. आई चुलीपुढे भाकरी उलटत होती.

“आई, तो जात नाहीये!”

“हळू बोल.”

“का हळू? आज तिसरा दिवस आहे!”

“मला मोजता येतं.”

“मग?”

“मग ही भाकरी ने त्याला. गरम आहे तोवर.”

माझा संताप समजायचा तर आमच्या गावाबद्दल थोडं सांगायला हवं. समुद्राकडच्या पिर्ग्याहून जो रस्ता वर अंत्युखियाकडे चढतो, त्याचा घाट संपतो तिथे आमची मूठभर घरं. येशूची सुवार्ता सांगत पौल आणि बर्णबा याच वाटेने गेले असं म्हातारी माणसं सांगायची. त्यांनी पाणी कुणाच्या घरी प्यायलं यावरून मात्र तीन घरांचं आपसात बोलणं बंद होतं. त्यांच्यानंतर सुवार्ता सांगणारे येतच राहिले. काही खरोखर देवाची माणसं होती. काहींना नुसती आमची भाकरी आवडायची. एकाने तर डोळे मिटून, पवित्र आत्म्याने भरून जाऊन, या घरात कोंबडी शिजावी असा संदेश दिला होता. मग डोळे उघडून ती सगळी एकट्याने खाल्ली होती. माझी कोंबडी होती ती. नाव ठेवलेली.

तेव्हापासून येशूला मानणाऱ्या आमच्या मंडळीत नियम कडक झाला. आलेल्या प्रेषिताला एक दिवस ठेवावं, फारच अडलं तर दोन. तिसऱ्या दिवशीही जो हलत नाही, तो खोटा संदेष्टा. मला हा नियम फार म्हणजे फारच आवडायचा.

मंडळी आमच्याच घरी भरायची. माझे बाबा तंबूचं कापड विणायचे. ते वारल्यावर आईने माग चालू ठेवला, आणि माग भिंतीला सरकवला की आमची खोली गावात सगळ्यांत मोठी होती. बाबांनी मला अक्षरं शिकवली होती. आठवड्याच्या पहिल्या दिवशी मंडळी जमली की शास्त्रलेख मी वाचून दाखवायची. मी! चौदा वर्षांची मुलगी दिव्याजवळ उभी राहून वाचते आणि दाढीवाले बाप्ये मान खाली घालून ऐकतात, याची मजा मी कुणाला सांगू? सुरुवातीला मी नुसती पुटपुटायची. त्या वर्षी माझा आवाज दारापर्यंत जायला लागला होता, आणि मला वाटायला लागलं होतं की जगात मला न जमणारं असं फारसं काही उरलेलं नाही.

आणि त्याच वर्षी दियोफान येणार होता.

दियोफानची कीर्ती त्याच्या आधी घाट चढून आली होती. तो बाजारात बोलायला लागला की तराजू धरलेले हात तसेच हवेत राहतात म्हणे. मी त्याच्यासाठी खोली सारवली, दिवे घासले, वाचायचा उतारा इतका घोकला की शेळ्यांनाही पाठ झाला असेल. आमच्याकडे प्रेषित नेहमी दोघे दोघे येतात. ठरलेल्या संध्याकाळी आला मात्र एकटा हनान, हाच आमचा पाहुणा. बुटका, उन्हाने रापलेला, सुरियाकडचा माणूस, पाठीवर दोन गाठोडी.

“दियोफान कुठे आहेत?” मी पाणी द्यायच्या आधीच विचारलं.

“मागून येतोय,” हनान म्हणाला.

त्या संध्याकाळी बोलायला उभा राहिला तोही हाच. चार वाक्यं बोलला, पाचव्यात अडकला, आणि “बाकीचं दियोफान सांगेल” म्हणून खाली बसला. यासाठी मी दिवे घासले होते!

तिसऱ्या दिवशी दुपारी ओनेसासकाका आले. मंडळीतले वडीलधारे ते. पांढरी दाढी, सरळ पाठ आणि सगळे नियम तोंडपाठ. पाहुणा अजून इथेच आहे ही बातमी त्यांना कुणी दिली ते सांगायला नको.

“बंधू हनान,” काका उभ्यानेच म्हणाले, “चप्पल शिवून झाली असं ऐकलं.”

हनानने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“झाली,” तो म्हणाला. “पण माझा सोबती मागून येतोय. इथे भेटायचं ठरलंय.”

“पुढच्या गावी भेटा. आम्ही त्याला सांगू.”

“इथे ठरलंय.”

“आमचा नियम माहीत आहे ना?”

“माहीत आहे. चांगला आहे नियम.” हे त्याने इतक्या मनापासून म्हटलं की काका गडबडले. “त्यात साध्या वाटसरूबद्दलही काहीतरी आहे ना? जो प्रेषित नाही, संदेष्टा नाही, अशा माणसाबद्दल?”

“त्याला राहायचं असेल तर त्याने हाताने काम करावं आणि खावं.”

“मग मी साधा वाटसरू.”

“म्हणजे काय? परवा तुम्ही प्रेषित म्हणून आलात. मी स्वतः तुमचे पाय धुतले!”

“छान धुतलेत. पण आजपासून वाटसरू.”

काका बाकावर बसले. ते चिडले की सावकाश बोलायचे. “नीट विचार करा. एकदा असं म्हटलंत की मंडळीत तुम्हाला बोलता यायचं नाही. प्रभूच्या नावाने भाकर मोडता यायची नाही. दाराशी बसावं लागेल. आणि ही गोष्ट इथेच राहत नसते. वरच्या गावांना कळेल. पुन्हा कुणी तुम्हाला पुढे बसवणार नाही.”

“बरं,” हनान म्हणाला.

बरं! माणूस आयुष्यभर ज्या कामासाठी चालतो ते काम कुणी काढून घेतलं, तर तो बरं म्हणतो? मला त्याच क्षणी खात्री पटली. खोटा. शंभर टक्के खोटा.

काका आईकडे वळले. “तातिया, माझा तुझ्यावर राग नाही. पण घाटात बर्फ पडून रस्ता बंद होईपर्यंतच. तोवर तो दुसरा आला नाही तर हा माणूस खोटा, आणि खोट्याला पोसणाऱ्या घरात मंडळी भरायची नाही. मग माझ्याकडे भरेल. वाचायला माझा मुलगा आहे.”

त्यांचा मुलगा वाचायचा ते खडे चावल्यासारखं. मी आईकडे बघितलं. तिने आता या पाहुण्याला हात जोडून वाट दाखवावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

आई म्हणाली, “हनानभाऊ, शेळीचे केस पिंजता येतात का?”

“शिकेन,” तो म्हणाला.

शिकला नाही. हे मी आजही शपथेवर सांगेन. आम्ही शेळीचे काळे केस पिंजून, कातून त्याचं जाड कापड विणायचो, पावसात तंबूतून थेंब आत येणार नाही असं. त्याच्यासाठी केस आधी सुटे करावे लागतात, सगळे एका दिशेला. हनानच्या हातात गेले की त्यांचं पाखराचं घरटं व्हायचं.

“असं नाही! असं!” मी दाखवायची.

“असं?”

“अहो, हे काय केलंत? हे तर आधीपेक्षा गुंतलं!”

“हो की,” तो कौतुकाने म्हणायचा, जणू ते दुसऱ्याच कुणी केलंय.

दिवसभर त्याने पिंजलेलं संध्याकाळी मी सगळं सोडवत बसायची. म्हणजे काम करून खा, हा नियम तो पाळत होता आणि काम मी करत होते! झऱ्यावर बायका मला मुद्दाम विचारायच्या, “काय गं अम्मिया, तुमचा संदेष्टा पिंजतोय का अजून?” एक जण म्हणाली, “येईल गं तो दुसरा. मागून येतोय ना!” आणि सगळ्या हसल्या. त्या शब्दांची गावात म्हणच झाली होती. कुणाची हरवलेली शेळी मागून येत होती, कुणाचा नवरा कामावरून मागून येत होता.

मी हनानला टोकत राहायची. “तुमचे ते दियोफान खरंच इतकं छान बोलतात?”

“छान म्हणजे काय! मी कितीदा ऐकलंय, तरी दरवेळी वाटतं की आपण पहिल्यांदाच ऐकतोय.”

“मग येत का नाहीत?”

“ते तोच सांगेल.”

“आजारी पडलेत का?”

“ते तोच सांगेल.”

“वाटेत चोरांनी मारलं असेल तर?”

त्यावर त्याचा हात थांबला. “नाही. तसं नाही,” तो म्हणाला आणि पुढचं घरटं करायला घेतलं.

त्याच्या दोन गाठोड्यांपैकी एक त्याने कधी सोडलंच नाही. ते कोपऱ्यात तसंच ठेवलेलं असायचं. झाडताना मी ते उचलायला गेले की तो उठून स्वतः उचलायचा, मी झाडून घेतलं की पुन्हा जागेवर ठेवायचा.

मंडळीच्या दिवशी तो खरंच दाराशी बसायचा, जिथे चपला काढतात तिथे. एकदा वाचताना मी अडकले. लेखातली शाई तिथे पुसट झाली होती. मी एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, कान गरम झाले, ओनेसासकाकांचा मुलगा खोकल्यासारखं करून हसला. सहज दाराकडे लक्ष गेलं तर हनानचे ओठ हलत होते. त्याला ते वाक्य येत होतं! मी त्याच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. त्याने ओठ मिटून घेतले. शेवटी मी ती ओळ गाळून पुढे गेले.

मंडळी गेल्यावर मी त्याला गाठलं. “तुम्हाला येत होतं!”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

“मला मंडळीत बोलायची परवानगी नाही.”

“कुजबुजायचं तरी!”

“कुजबुजणं हे बोलणंच की.”

मी पाय आपटत आत गेले. आई भांडी आवरत होती. मी म्हटलं, “आई, तू त्याला जायला का सांगत नाहीस? तुला काय मिळतंय यातून?”

आईने हातातलं भांडं पालथं घातलं. “तुझे बाबा गेले तेव्हा मला वाटायचं, कुणीतरी मागून यायचं राहिलंय. कितीतरी दिवस मी दार लावत नव्हते. मला तेव्हा कुणी मूर्ख म्हटलं नाही.”

“ते वेगळं.”

“असेल,” ती म्हणाली.

द्राक्षं उतरली, शेळ्यांच्या अंगावर हिवाळी केस आले, सकाळी झऱ्याच्या कडेला काचेसारखा पापुद्रा दिसायला लागला. घाटावरचे ढग खाली उतरले. एक दिवस काका येऊन अंगणातूनच आभाळाकडे बघून गेले. मला कळलं. येता मंडळीचा दिवस आमच्या घरातला शेवटचा.

मी हनानपुढे जाऊन बसले. त्याच्या हातातली फणी काढून घेतली.

“तुम्ही जा,” मी म्हटलं.

त्याने मांडीवरचे केस बाजूला ठेवले.

“आज गेलात तर अजून चालेल. काका तसे वाईट नाहीत. ते म्हणतील, वाटसरू होता, काम करून गेला. आमच्या घरी मंडळी राहील. तो येणार नाहीये, हे शेळ्यांनासुद्धा समजलंय!”

“आणि नाही गेलो तर तुझं वाचन जाईल.”

त्याच्या हे लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, रागाने. “हो! जाईल! माझ्याजवळ तेवढंच आहे, आणि तुम्ही इथे बसून केसांची घरटी करताय!”

“भाकरी खाताना रोज माझ्या मनात तेच येतं,” तो म्हणाला.

“मग जा ना!”

“नाही.”

एवढंच. कारण नाही, समजूत नाही, देवाचं नाव नाही. मी फणी त्याच्या पुढ्यात टाकली आणि घडा घेऊन घराबाहेर पडले.

झरा गावाच्या खाली रस्त्याला लागून आहे. तिथे एक माणूस दगडावर बसला होता. उंच, अंगावर चांगल्या लोकरीचा झगा, पायांवर धूळ. कपाळावर जखमेची खूण, नुकती भरून आलेली. मी घडा भरला तसा तो म्हणाला, “मुली, थोडं पाणी देशील?”

साधे शब्द. पण तो आवाज! कुणीतरी आपल्या पाठीवर घोंगडी टाकावी तसा. मी त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो प्यायला, पण उठला नाही.

“तातियाचं घर याच गावात ना?”

“मी तिचीच मुलगी.”

“असं?” त्याने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. “तुमच्याकडे एक जण येऊन गेला असेल. हनान नावाचा. बरेच दिवस झाले. दोन दिवस राहून पुढे गेला असेल.”

त्याने ते विचारलं नाही. सांगितलं. आणि सांगताना तो माझ्याकडे असा बघत होता, की फक्त मान हलव, एवढंच कर.

“गेला असेल?” मी म्हटलं. आणि मग मला राहवलंच नाही. इतक्या दिवसांत माझं ऐकून घेणारं कुणी भेटलंच नव्हतं. “कुठला जातोय! आत बसलाय, आमचे केस नासतोय! तिसऱ्या दिवशी जायचं तर म्हणे मी प्रेषितच नाही. बोलणं सोडलं, पुढे बसणं सोडलं, चपलांजवळ बसतो. गाव हसतं आम्हाला. आता मंडळी दुसऱ्याच्या घरी जाणार, माझं वाचन जाणार. आणि का, तर याचा कुणी सोबती आहे!”

माणूस उभा राहिला होता. “सोबत्याबद्दल काय सांगितलं त्याने?”

“मागून येतोय.”

“आणखी?”

“आणखी काही नाही! रोज तेच! का नाही आला तर म्हणे तोच सांगेल. त्याचं गाठोडंसुद्धा कुणाला उचलू देत नाही. तो दियोफान इतका मोठा, तो दियोफान इतका—”

मी थांबले. कारण त्याने भिंतीचा आधार शोधावा तसा झाडाला हात टेकला होता.

तो म्हणाला, “पिर्ग्यात आम्हाला दगड मारले. घाटाच्या पायथ्याशी मी त्याला म्हटलं, तू पुढे हो, मी मागून येतो. माझं गाठोडं त्याने मुकाट्याने घेतलं. मी येणार नव्हतो, मुली. मला ते माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. बघत होता माझ्याकडे.”

“मग आज का आलात?”

“लोक विचारतात, तुझा सोबती कुठे. मला म्हणता यायला हवं होतं की मी गेलो होतो, तोच निघून गेला होता.” त्याने वर गावाकडे बघितलं, मग घाटाकडे. “तू मला पाहिलं नाहीस, असं समज.”

आणि खरंच तो वळला! एवढं सगळं झाल्यावर! मला आजवर कशाचाच इतका संताप आला नसेल.

“अहो!” मी ओरडले. “हा घडा कोण उचलणार?”

तो गोंधळला. “काय?”

“घडा. भरलाय. तुम्हाला पाणी पाजायला खाली ठेवला, आता एकटीने डोक्यावर कसा घेऊ?” मी रोज एकटीच घ्यायची. “घरापर्यंत आणून द्या आणि मग कुठे जायचं तिथे जा. परत फिरायला बंदी नाही कुणाला.”

पाणी मागून प्यायलेला माणूस याला नाही कसं म्हणेल? त्याने घडा खांद्यावर घेतला. मी पुढे, तो मागे. चढावर दोनदा त्याची पावलं थांबलेली मला ऐकू आली. मी मागे वळून बघितलं नाही. नुसतं “सांडू नका” म्हटलं.

अंगणात हनान आमच्याकडे पाठ करून बसला होता, मांडीवर केसांचा ढीग. आई मागावरून मान वर करून म्हणाली, “कोण गं?”

मी म्हटलं, “तो. मागून येत होता तो.”

हनानची पाठ तशीच राहिली. मग तो चटईवर थोडा सरकला, शेजारी जागा केली, आणि ढिगातले अर्धे केस उचलून त्या जागेपुढे ठेवले. दियोफानने घडा खाली ठेवला. मग तो त्या जागेवर बसला आणि एक पुंजका हातात घेतला.

“हे कसं करायचं?” त्या प्रसिद्ध आवाजाने विचारलं.

“मला विचारू नकोस,” हनान म्हणाला. “अम्मिया ओरडते.”

बातमी गावभर झाली. दिवेलागणीला मंडळी जमली तेव्हा आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओनेसासकाकांनी दियोफानचे पाय स्वतः धुतले आणि त्याला दिव्याजवळची जागा दाखवली. तो तिथे गेला नाही. चपलांजवळ जाऊन हनानच्या शेजारी बसला. सगळ्यांना माना वळवून बसावं लागलं. भाषण? ज्यासाठी मी दिवे घासले होते ते भाषण त्याने केलंच नाही. तो बसल्या जागेवरून म्हणाला, “मी उशिरा आलो, कारण मला यायचंच नव्हतं. हा थांबला म्हणून आलो.” बस्स. तराजू धरलेले हात वगैरे काही नाही. पण खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

मी वाचायला उभी राहिले. लेखातल्या त्याच पुसट ओळीपाशी आले आणि अडले. काकांनी भाकर ठेवलेल्या टोपलीकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे, मग दाराकडे.

“बंधू हनान,” ते म्हणाले, “तिला ती ओळ सांग. आणि मग पुढे ये. भाकर तू मोड.”

तिसऱ्या दिवशी मी उठायच्या आत ते दोघे निघून गेले होते. दियोफान प्रेषित म्हणून आला होता, त्याला नियम लागू होता ना! ओट्यावरच्या चपला नव्हत्या, कोपऱ्यातलं गाठोडं नव्हतं. हनानने पिंजलेल्या केसांची टोपली तेवढी होती, नेहमीसारखी गुंतलेली. मी ती सोडवायला घेतली तर आई म्हणाली, राहू दे. तिने ते तसंच कातलं आणि तसंच विणलं. गाठीगाठींचं, ओबडधोबड कापड झालं. कुणी विकत घेतलं नसतं.

ते आता माझ्या दाराला पडदा म्हणून आहे. आई गेली, काका गेले, माझे डोळे दिव्याजवळसुद्धा अक्षरं धरत नाहीत आणि माझी नात वाचते. घाट चढून सुवार्ता सांगणारे अजून येतात, खरे आणि भाकरी आवडणारे, दोन्ही. मी त्यांना पाणी देते, पाय धुते आणि नियम सांगते. एक दिवस, अडलंच तर दोन. तिसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर कुणी चप्पल शिवताना दिसला की माझं डोकं अजूनही फिरतं.

पण त्याला हाकलण्याआधी मी दारातल्या त्या कापडाखाली उभी राहते आणि विचारते, “मागून कुणी येतंय का?”